खापर कोणाच्या माथीं?

अपयश पदरीं आलें म्हणजे त्याचें खापर कोणाच्या तरी माथीं फोडावें, अशी मराठींत बोलण्याची रीत आहे. या रीतीचा ग्रीस देशाशीं कांहीं संबंध असण्याचें कारण नाहीं. तथापि अडीच हजार वर्षांपूर्वीं अथेन्स नगरांत हें खापर शब्दशः अस्तित्वांत होतें. फुटक्या मडक्याचा तुकडा उचलावा, त्यावर टोंकदार वस्तूनें एका पुढाऱ्याचें नांव कोरावें आणि तो तुकडा बाजारचौकांत नेऊन टाकावा. अशीं निदान सहा हजार खापरें जमलीं, म्हणजे ज्याच्या नांवाचीं खापरें सर्वांत अधिक त्यानें दहा दिवसांच्या आंत देश सोडावा आणि दहा वर्षें बाहेर राहावें, असा तेथला कायदा होता. त्याची मालमत्ता जप्त होत नसे, त्याच्यावर आरोप ठेवला जात नसे, आणि म्हणूनच त्याला बचावाचें भाषणहि करतां येत नसे. खापराला ग्रीक भाषेंत ऑस्ट्राकॉन म्हणतात. वाळींत टाकणें या अर्थाचा इंग्रजी शब्द त्यावरूनच निघाला आहे.

या खापरांपैकीं अकरा हजारांहून अधिक आज उपलब्ध आहेत. त्यांतलीं सुमारें साडेआठ हजार एकट्या केरामिकॉस भागांत, म्हणजे अथेन्सच्या जुन्या कुंभारवाड्यांत, १९६६ नंतरच्या तीनचार वर्षांच्या उत्खननांत हातीं लागलीं. तीं वाचूं लागलें म्हणजे इतिहासकारांच्या ग्रंथांत सहसा न भेटणारा मतदार तेथें भेटतो. कोणीं मेगाक्लीस या धनाढ्य पुढाऱ्याच्या नांवापुढें त्याच्या घोड्यांच्या शोकाचा उल्लेख केला आहे. कोणीं किमॉन सेनापतीला, आपल्या बहिणीला घेऊन चालता हो, असें बजावलें आहे. आणि एका खापरावर तर कोणा माणसाचें नांवच नाहीं. तेथें ‘भूक’ असा शब्द कोरलेला आहे. त्या बापड्या नागरिकाला हद्दपार करावयाचा होता तो दुष्काळ! त्याचें गाऱ्हाणें सर्वांत खरें होतें. पण त्यासाठीं कोणाला जबाबदार धरावें हें त्याला ठाऊक नव्हतें, किंवा कोणालाच धरतां येत नाहीं हें त्याला इतरांहून अधिक ठाऊक होतें.

याहून बोलकी आहे ती ॲक्रॉपोलिस टेंकडीच्या उत्तर उतारावरील एक विहीर. १९३७ मध्यें तिच्यांतून १९० खापरें निघालीं. सर्वांवर एकच नांव, थेमिस्टोक्लीस. आणि अक्षर तपासून पाहतां तीं अवघ्या चौदा हातांनीं लिहिलेलीं आढळलीं. सालामिसच्या सामुद्रधुनींत ख्रि. पू. ४८० मध्यें इराणी आरमाराचा ज्याच्या बुद्धीनें चुराडा झाला, तोच हा पुरुष. त्याच्याविरुद्ध कोणी तरी बसून मतें तयार करीत होतें, आणि तीं आयतीं मतें घेऊन चौकांत जाणारे नागरिक मिळतील अशी त्यांची खात्री होती. हीं खापरें बहुधा वांटलींच गेलीं नाहींत, हा भाग निराळा. ज्याला लिहितां येत नसे त्याची ही सोय होती, असें म्हणतां येईल. परंतु जी सोय मतदाराला लिहिण्यापासून वांचविते ती विचार करण्यापासूनहि वांचवीत नाहीं ना, एवढा प्रश्न उरतोच.

ॲरिस्टायडीसची गोष्ट शाळेंतल्या मुलांनाहि ठाऊक असते. एका निरक्षर खेडुतानें खुद्द त्याच्याच हातीं खापर देऊन त्यावर ॲरिस्टायडीसचें नांव लिहावयास सांगितलें. त्यानें तुझें काय वाईट केलें असें विचारतां, कांहीं नाहीं, पण जो तो त्याला न्यायी म्हणतो तें ऐकून कान किटले, असें उत्तर मिळालें. प्लुटार्कनें ही कथा जवळजवळ सहाशें वर्षांनंतर लिहिली, तेव्हां ती अक्षरशः खरी मानण्याची गरज नाहीं. त्याची हद्दपारी मात्र खरी. ती ख्रि. पू. ४८२ मध्यें झाली, आणि दोनच वर्षांनीं इराणी फौजा येऊन ठेपल्या तेव्हां त्याला परत बोलवावें लागलें.

परंतु एवढ्यावरून अथेन्सचे लोक पुढाऱ्यांची पारख करण्याच्या कामीं निष्काळजी होते असें म्हणणें अन्यायाचें होईल. मताचा अधिकार तेथें फक्त प्रौढ पुरुष नागरिकांना होता. स्त्रिया, गुलाम आणि परदेशीय रहिवासी त्यांतून वगळलेले होते. परंतु ज्यांना तो होता त्यांनीं आपल्या अधिकाऱ्यांभोंवतीं घातलेलें कुंपण पाहिलें म्हणजे आश्चर्य वाटतें. ॲरिस्टॉटलच्या नांवावर असलेला अथेन्सच्या राज्यघटनेवरील ग्रंथ इजिप्तमधील एका भूर्जसदृश गुंडाळीवर सांपडला व १८९१ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत ही सारी व्यवस्था दिली आहे. बहुतेक अधिकारी चिठ्ठ्या टाकून नेमले जात. परंतु दहा सेनापति मात्र दरवर्षीं मतानें निवडले जात, आणि त्यांना कितीहि वेळां पुन्हां निवडतां येई. अधिकारपदावर बसण्यापूर्वीं प्रत्येकाची चौकशी होई. त्यांत आर्खोन या पदासाठीं विचारलेले प्रश्न असे: तुझा बाप कोण, आजा कोण, गांव कोणता, घराण्याच्या समाध्या कोठें आहेत, आईबापांना नीट वागवितोस काय, कर भरतोस काय, लढायांत गेला होतास काय? मग कोणाला याच्याविरुद्ध कांहीं सांगावयाचें आहे काय, असा पुकारा होई. वर्षाच्या दर दहाव्या भागाला, अधिकारी कारभार बरा करीत आहेत काय, यावर लोकसभेंत हात वर होत. पद सोडल्यावर हिशेब देणें भागच असे, आणि तो दिल्यावांचून त्या माणसाला देश सोडतां येत नसे कीं मालमत्ता विकतां येत नसे.

या प्रश्नांत शील पुष्कळ तपासलें जाई, कर्तबगारी थोडी, हें खरें. बापाची समाधि कोठें आहे हें सांगणाऱ्याला जहाजें किती लागतील हें सांगतां येईलच असें नाहीं. तरीहि अनेक आधुनिक राष्ट्रांनीं हेवा करावा अशी ही तपासणी होती. तिच्यांतून एकच माणूस सुटला होता; तो म्हणजे मत देणारा.

न्यायसभेंत बसणारे सहा हजार पंच दरवर्षीं शपथ घेत. निक्स टेंकडीवर भरणाऱ्या लोकसभेंतील नागरिक कसलीहि शपथ घेत नसे. बेकायदा ठराव सभेपुढें मांडणाऱ्यावर वर्षभरांत केव्हांहि खटला भरतां येई आणि त्याला जबर दंड होई. तोच ठराव हात वर करून मंजूर करणारांस कोणी जाब विचारीत नसे. हात मोजलेहि जात नसत. अध्यक्षमंडळ नजरेनें अंदाज करी. म्हणजे मताची ना नोंद, ना शपथ, ना हिशेब. सत्ता मात्र संपूर्ण.

याचा परिणाम प्रथम भोगावा लागला तो पेरिक्लीसला. प्लुटार्कच्या म्हणण्याप्रमाणें लागोपाठ पंधरा वर्षें त्याला लोकांनीं सेनापति निवडलें. ख्रि. पू. ४३१ मध्यें स्पार्टाशीं युद्ध सुरू झालें तें त्याच्या सल्ल्यानें, पण सभेच्या मतानें. पुढच्या वर्षीं नगरांत भयंकर सांथ आली, बाहेर शेतें जळत होतीं, आणि लोक त्याच्यावर उलटले. त्यानें सभेला सुनावलें तें असें, कीं मी होतों तेथेंच आहें, बदललांत ते तुम्ही. युद्धाचा निर्णय माझ्याबरोबर तुम्हींहि घेतला होता. त्यांनीं त्याला दंड केला आणि थोड्याच दिवसांत पुन्हां निवडून दिलें. ख्रि. पू. ४२९ मध्यें तो वारला.

त्यानंतर दोन वर्षांनीं याच दोषावर नेमकें बोट ठेवणारा एक माणूस सभेंत उभा राहिला. लेस्बॉस बेटावरील मिटिलिनी या नगरानें अथेन्सविरुद्ध बंड केलें होतें व तें मोडलें गेलें होतें. संतापाच्या भरांत सभेनें ठरविलें कीं तेथील सारे प्रौढ पुरुष ठार मारावे आणि बायकामुलें गुलाम करून विकावीं. हा हुकूम घेऊन जहाज निघालें. रात्र उलटली आणि लोकांच्या मनाला टोंचणी लागली. दुसऱ्या दिवशीं सभा पुन्हां भरली. क्लीऑननें कालच्या ठरावाला चिकटून राहण्याचा आग्रह धरला. त्याला उत्तर देणारा डायोडोटस हा इतिहासांत या एका भाषणापुरता येतो आणि नाहींसा होतो. त्याच्याविषयीं याहून अधिक माहिती मिळत नाहीं. थ्युसिडिडीसनें त्याच्या तोंडीं घातलेला एक मुद्दा मात्र साऱ्या ग्रंथांत अजोड आहे. सल्ला देणारे आम्ही जबाबदार, आणि ऐकणारे तुम्ही बेजबाबदार. सल्ला देणाऱ्याइतकीच सल्ला मानणाऱ्यालाहि शिक्षा होत असती तर तुम्ही अधिक शहाणपणानें मत दिलें असतें. आज बेत फसला कीं तुम्ही एका सल्लागाराच्या बुद्धीला शिक्षा करतां, पण तिच्याबरोबर चुकलेल्या तुमच्या शेंकडों मतांना करीत नाहीं, असा त्याचा आशय आहे. थोड्याशा अधिक हातांनीं डायोडोटस जिंकला. दुसरें जहाज सुटलें. वल्हेकऱ्यांनीं तेल आणि द्राक्षमद्य यांत कालविलेलें जवाचें पीठ वल्हीं मारतां मारतांच खाल्लें, आणि पहिला हुकूम वाचून होतो न होतो तोंच तें जहाज बंदरांत शिरलें. नगर वांचलें. तरीहि बंडाचे पुढारी म्हणून पकडलेल्यांना अथेन्सनें ठार केलेंच.

डायोडोटसचें भाषण लोकांनीं ऐकलें, पण तें त्या एका दिवसापुरतेंच. ख्रि. पू. ४१५ मध्यें सिसिली बेटांतील सेगेस्टा या नगराचे वकील अथेन्सला आले. शेजाऱ्याशीं चाललेल्या भांडणांत त्यांना मदत हवी होती, आणि खर्च आपण देऊं असें ते म्हणत होते. सोबत त्यांनीं साठ जहाजांचा एका महिन्याचा पगार म्हणून साठ टॅलेंट चांदी आणली. बाकीच्या संपत्तीची खात्री करण्यास अथेन्सनें आधीं माणसें पाठविलीं होतीं. त्यांना एका देवळांतील चांदीचीं भांडीं दाखविण्यांत आलीं, आणि घरोघर मेजवान्या झाल्या. प्रत्येक घरीं सोन्यारुप्याचे पेले झळकत होते. तेच पेले या घरून त्या घरीं फिरविले जात होते, कांहीं तर शेजारच्या नगरांतून मागून आणलेले होते, हें मागाहून कळलें. आरमार सिसिलीला पोंचलें तेव्हां सेगेस्टाच्या खजिन्यांत उरले होते तीस टॅलेंट.

सभेंतील बहुतेकांना सिसिली केवढी आहे आणि तेथें किती लोक राहतात हेंहि ठाऊक नव्हतें, असें थ्युसिडिडीस स्पष्ट लिहितो. तालमींत आणि कट्ट्यांवर तरुण मंडळी धुळींत त्या बेटाचे नकाशे काढीत बसत, असें प्लुटार्क सांगतो. नकाशा काढतां येणें आणि देश ठाऊक असणें यांतलें अंतर त्यांना कोणी दाखवून दिलें नाहीं. निकियास या वृद्ध सेनापतीनें प्रयत्न केला. तो श्रीमंत, देवभीरु, सावध आणि आजवर अपयश न पाहिलेला असा होता. समोर होता आल्सिबायडीस: देखणा, उमदा, बोलका, उधळा, ऑलिंपियाच्या शर्यतींत एकट्यानें सात रथ उतरविणारा. वस्तुतः ज्यांचे गुण परस्परांना पूरक व्हावेत अशीं हीं दोन माणसें. पण एकाला मोहीम हवी होती, दुसऱ्याला ती सर्वनाशाची वाटत होती. अथेन्सच्या सभेनें काय करावें? तिनें मोहीम मंजूर केली आणि लॅमेकस या तिसऱ्या सेनापतीसह दोघांनाहि तिच्यावर नेमलें. ज्याचें म्हणणें नाकारलें त्याच्याच हातीं तें नाकारण्याचें फळ सोंपविलें! पुढाऱ्यांची पारख म्हणतात ती ही असेल, तर चिठ्ठ्या टाकणेंच बरें होतें.

निकियासनें एक शेवटचा डाव टाकला. एवढ्यातेवढ्यानें भागणार नाहीं, प्रचंड आरमार आणि पुष्कळ पायदळ लागेल, असें तो म्हणाला. खर्चाचा आंकडा ऐकून लोक बिचकतील अशी त्याची कल्पना होती. उलटेंच झालें. एवढी तयारी असल्यावर धोका कसला, असें वाटून उत्साह दुणावला. ज्यांच्या मनांत शंका होती तेहि गप्प राहिले. हात उघडपणें वर करावयाचा होता. विरुद्ध हात दिसला तर देशद्रोही ठरूं, हें भय त्यांना होतें. थ्युसिडिडीसनें हें नोंदून ठेवलें आहे, आणि साऱ्या प्रकरणांत याहून गंभीर अशी दुसरी नोंद नाहीं. वाईट ठराव मूर्खांच्या मतांनीं मंजूर होतात अशी समजूत आहे. हा ठराव मंजूर होण्यांत जाणत्यांच्या मौनाचाहि वांटा होता.

१३४ युद्धनौका निघाल्या. पुढची हकीकत थोडक्यांत पुरे. आल्सिबायडीसवर धर्मविडंबनाचा आरोप येऊन त्याला परत बोलावलें, तों तो वाटेंतून निसटून शत्रूला, स्पार्टाला, जाऊन मिळाला. लॅमेकस लढाईंत पडला. निकियासनें आजारी असल्याचें कळवून मुक्तता मागितली. सभेनें ती नाकारून दुसरें आरमार पाठविलें. ख्रि. पू. ४१३ च्या ऑगस्टच्या २७ तारखेला, माघार घेण्याच्या ऐन वेळीं, खग्रास चंद्रग्रहण लागलें आणि निकियासनें ज्योतिषांच्या सल्ल्यावरून तीन वेळां नऊ दिवस थांबण्याचें ठरविलें. ज्या देवभीरुपणासाठीं लोकांनीं त्याला वर्षानुवर्षें निवडलें, तोच गुण सैन्याच्या मुळावर आला. सारें आरमार बुडालें. निकियासला शत्रूनें ठार केलें, आणि सात हजारांवर कैदी सिराक्यूजच्या दगडाच्या खाणींत उघड्यावर डांबले गेले.

अथेन्सला बातमी कळली ती, प्लुटार्कच्या कथेप्रमाणें, एका न्हाव्याच्या दुकानांतून. पिरियस बंदरांत उतरलेल्या एका परक्या माणसानें हजामतीला बसल्या बसल्या, सर्वांना ठाऊकच आहे अशा समजुतीनें ती बोलून टाकली. न्हावी धांवत नगरांत गेला. कोठून ऐकलेंस, हें त्याला नीट सांगतां येईना. तेव्हां अफवा पसरविणारा म्हणून त्याला चाकाला बांधून त्याचे हाल करण्यांत आले, आणि ते खरी बातमी घेऊन दूत येईपर्यंत चालू राहिले. कथा खरी असो वा नसो, शोभते मात्र.

त्यानंतर लोक संतापले ते मोहिमेची शिफारस करणाऱ्या वक्त्यांवर आणि विजयाचें भविष्य सांगणाऱ्या ज्योतिषांवर. जणूं कांहीं आपण स्वतः त्या मोहिमेला मत दिलेंच नव्हतें, असें थ्युसिडिडीस लिहितो. थ्युसिडिडीस निःपक्षपाती होता असें मात्र समजूं नये. ॲम्फिपोलिस नगर वांचवितां न आल्याबद्दल याच लोकांनीं त्याला ख्रि. पू. ४२४ मध्यें हद्दपार केलें होतें, आणि वीस वर्षें तो परदेशांत होता. त्याच्या लेखणींत शल्य असणें स्वाभाविक आहे. परंतु डायोडोटसच्या भाषणाशीं हें वाक्य जुळवून पाहिलें म्हणजे तो केवळ राग काढीत नव्हता, हें ध्यानांत येतें.

त्याच सभेनें या अपयशानंतर दहा वृद्धांचें एक सल्लागार मंडळ नेमलें आणि खर्चाला कात्री लावली, हेंहि सांगितलें पाहिजे. नवीं जहाजें बांधून अथेन्स आणखी नऊ वर्षें लढलें. या लोकांत धैर्याची वाण कधींच नव्हती.

ख्रि. पू. ४०६ मध्यें आर्जिन्युसी बेटांजवळ त्यांनीं स्पार्टाच्या आरमाराचा मोठा पराभव केला. त्यांत अथेन्सचीं पंचवीस जहाजें गेलीं, आणि वादळ उठल्यामुळें फुटक्या जहाजांना धरून राहिलेल्या खलाशांना वांचवितां आलें नाहीं. विजयाचा आनंद ओसरून शोक उरला. आठ सेनापतींवर आरोप आला. दोघे परतलेच नाहींत, सहा परत आले. प्रत्येकाची चौकशी वेगळी झाली पाहिजे असें कायदा सांगत होता. कॅलिक्सिनस नांवाच्या सभासदानें ठराव आणला कीं सर्वांचा निकाल एकाच मतानें लावावा. हा ठराव बेकायदा आहे म्हणून युरिप्टोलेमसनें हरकत घेतली, तेव्हां लोकांना हवें तें करूं न देणें ही भयंकर गोष्ट आहे असा गलका उठला, आणि हरकत घेणाऱ्यांनाहि सेनापतींच्याच रांगेंत बसविण्याची धमकी देण्यांत आली. अध्यक्षमंडळांतील माणसें एकेक करून नमलीं. एकानें नकार दिला, तो सॉक्रेटीस. सहाहि सेनापतींना देहांत शिक्षा झाली. त्यांत पेरिक्लीसचा मुलगा होता, आणि त्याचेंहि नांव पेरिक्लीसच होतें.

थोड्याच काळानें लोकांना पश्चात्ताप झाला. सभेनें पुन्हां ठराव केला. तो असा, कीं ज्यांनीं लोकांना फसविलें त्यांच्यावर फिर्याद व्हावी. कॅलिक्सिनस आणि आणखी चौघे पकडले गेले. खटल्यापूर्वीं दंग्याच्या धामधुमींत ते निसटले. मग ख्रि. पू. ४०५ मध्यें उरलेलें आरमार गेलें, पुढच्या वर्षीं अथेन्स शरण गेलें, आणि लोकसत्ता एकदां मोडून पुन्हां उभी राहिली. ख्रि. पू. ४०३ मध्यें ती सावरल्यावर कॅलिक्सिनस नगरांत परत आला. झेनोफन लिहितो कीं सर्वांनीं त्याचा द्वेष केला, आणि तो उपाशी मेला. त्याला पोटाला न घालणाऱ्या त्या सर्वांत, तीन वर्षांपूर्वीं त्याच्या ठरावाला मत दिलेले किती होते, याची नोंद कोणी ठेवली नव्हती.